प्रवाळाच्या घराचा चुना
(खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात कॅल्शियम कोणते व किती घालावे?)

'पोवळे' हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नवरत्नांत त्याची गणना होते आणि वैद्यांच्या प्रवाळभस्माचे नावही घराघरांत ऐकलेले असते. परंतु पोवळे ज्या प्राणिकुलातून येते त्या कुलातील जिवंत प्रवाळ पाहण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येतो. नारायणगुडा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेला आहे. त्याला जवळचा म्हणावा असा मच्छलीपट्टणचा किनारादेखील रस्त्याने ३०० किलोमीटरहून दूर आहे. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय तरी समुद्राच्या काठी लाभले. आपल्या शहरात ज्या कोणास खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावयाची असेल त्याला समुद्र स्वतःच तयार करावा लागतो.

अशी पेटी ठेवणाऱ्यांची संख्या मोठ्या शहरांतून अलीकडे वाढत आहे. दुकानात गेले की कॅल्शियमच्या बाटल्यांची रांग दिसते. कोणती घ्यावी, हा पहिला प्रश्न पडतो, आणि चुकीची बाटली घेतली तर पैसे वाया जातातच, शिवाय पेटीतील मुक्या जीवांचे प्राणही धोक्यात येतात. हा प्रश्न रसायनशास्त्राच्या शालेय ज्ञानाने सोडविता येतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रवाळ घर कसे बांधतो?

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. तो समुद्रपुष्पाचा भाऊबंद असलेला एक लहानसा मऊ प्राणी आहे. अशा शेकडो-हजारो प्राण्यांची एकत्र वसाहत असते. प्रत्येक जीव आपल्या बुडाशी चुनखडीची एक वाटी बांधीत जातो, आणि पिढ्यान् पिढ्या या वाट्या एकमेकींवर चढून प्रवाळाचा खडक तयार होतो. पुष्कळ प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा यजमानास देतात. या अन्नाच्या बळावरच बांधकामाचा वेग टिकतो.

ही चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या चारमिनारचे उदाहरण घेतल्यास हे चटकन ध्यानी येईल. १५९१ सालच्या त्या वास्तूत गवंड्यांनी दगडांच्या सांध्यांत चुना भरला. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो विरतो. आणि असा विरलेला चुना भिंतीत बसला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो व दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे भिंत पक्की होण्यास चुना जितका हवा तितकाच हवेतील तो वायूही हवा. प्रवाळाचेही नेमके असेच आहे. त्यास कॅल्शियम हवे आणि त्याचा जोडीदार कार्बोनेटही हवा. यांतील एक पुरवून दुसरा विसरणे म्हणजे गवंड्यास विटा देऊन चुना न देण्यासारखे होय.

समुद्राची तिजोरी

सामान्य समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम व मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा साठा 'अल्कता' या नावाने मोजतात. मत्स्यालयवाले ती 'जर्मन अंश' या मापात सांगतात, आणि समुद्राची अल्कता सुमारे साडेसहा ते सात अंश भरते. प्रवाळाच्या पेटीत कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कता ७ ते ९ अंश असली म्हणजे पुष्कळ झाले. याहून अधिक घातल्याने प्रवाळ दुप्पट वाढतो, ही समजूत बरोबर नव्हे.

आता एक हिशेब पाहा; या लेखाचे सार त्यात आहे. चुनखडी बनताना कॅल्शियम व अल्कता ठराविक प्रमाणातच खर्च होतात. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडले की अल्कता २.८ अंशांनी उतरते. समजा, पेटीत कॅल्शियम ४२० मिलिग्रॅम व अल्कता ८ अंश आहे. प्रवाळाने २० मिलिग्रॅम कॅल्शियम उचलले, तर ते ४०० वर आले. तिजोरीतील जेमतेम विसावा भाग गेला आणि प्रवाळास ते जाणवलेही नाही. परंतु त्याच वेळी अल्कता ८ वरून ५.२ वर उतरली, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा संपला!

यावरून काय दिसते? पेटीत प्रथम तुटवडा पडतो तो बहुधा कार्बोनेटाचा. प्रवाळ वाढत नाही असे पाहून मनुष्य दुकानातून कॅल्शियमची बाटली आणतो व ओततो. जे पुरेसे होते ते अधिक होते, जे संपत आले होते ते तसेच राहते. म्हणून कॅल्शियमची बाटली निवडण्यापूर्वी अल्कता मोजणे अवश्य आहे.

मॅग्नेशियमचे कार्य निराळे आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम व कार्बोनेट इतके असतात की ते आपोआप एकत्र येऊन चुनखडीचा साका बसावयास हवा. तो सहसा बसत नाही, कारण चुनखडीचे कण तयार होऊ लागताच मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसते व त्यांची वाढ रोखते. मॅग्नेशियम फार उतरले तर कॅल्शियम व अल्कता कितीही घाला, ती टिकत नाहीत. पंपावर व तापकावर पांढरे कवच मात्र चढते.

प्रथम मोजावे, मग घालावे

खरेदीपूर्वी चार गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली, पाण्याचा खारेपणा तपासावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ च्या आसपास असावे. पाणीच अळणी असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कता सर्वच कमी दिसणार. तेथे औषध मिठाचे आहे, कॅल्शियमचे नव्हे.

दुसरी, मूळ पाणी कोणते वापरतो ते पाहावे. आपल्या दख्खनच्या कातळातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असतेच, परंतु त्यांचे प्रमाण समुद्राप्रमाणे नसते, आणि नको असलेले इतर पदार्थही सोबत येतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. तांब्याचा अंश तर प्रवाळास व गोगलगायींस विषच होय. तेव्हा आर. ओ. यंत्राचे शुद्ध पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ कालविणे हाच मार्ग बरा. यंत्रास खनिजे परत मिसळण्याची सोय असेल, तर त्याआधीचे पाणी घ्यावे.

तिसरी, पेटीत पाणी खरोखर किती आहे ते काढावे. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाच्या पेटीत गणिताने १८२ लिटर पाणी मावते. पण दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा केली तर दीडशे लिटरच उरते. औषधाची मात्रा या दीडशेवर ठरवावी.

चौथी, रोजचा खर्च काढावा. काहीही न घालता आज अल्कता मोजावी आणि तीन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजावी. समजा, ती ८.४ वरून ७ अंशांवर आली. म्हणजे तीन दिवसांत १.४ अंश, अर्थात कॅल्शियमच्या भाषेत १० मिलिग्रॅम खर्च झाले. दिवसाला सुमारे साडेतीन. घरगुती टेस्ट किटने एवढा लहान फरक कॅल्शियममध्ये नीट दिसत नाही, अल्कतेत मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून रोजचा पहारा अल्कतेवर ठेवावा आणि कॅल्शियम आठवड्या-पंधरवड्याने तपासावे.

चार मार्ग

खर्च समजला की निवड सोपी होते. आज प्रचारात असलेले मुख्य मार्ग चार आहेत.

१. पाणी बदलणे. ज्या पेटीत केवळ मासे आहेत तीत कॅल्शियमची वेगळी बाटली लागतच नाही. मऊ प्रवाळ, थोड्या गोगलगायी आणि दगडांवर चढणारे गुलाबी चुनायुक्त शैवाल एवढेच असेल, तरी दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले की ताज्या मिठातून आवश्यक तेवढे सर्व मिळते. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा.

२. चुन्याची निवळी. ही तर आपल्या घरातील जुनी ओळखीची वस्तू. जर्मनीत पेटर विल्केन्स यांनी प्रवाळांसाठी हिचा पुरस्कार केला व ती 'काल्कवासर' म्हणून जगभर गेली. त्या शब्दाचा अर्थही 'चुन्याचे पाणी' असाच आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम विरलेला चुना विरघळतो. अधिक घातला तर तो तळाशी बसतो; वरची स्वच्छ निवळीच वापरावयाची. हिचा मोठा गुण असा की कॅल्शियम व अल्कता या दोन्ही गोष्टी योग्य त्या प्रमाणात एकत्र मिळतात आणि मागे कोणताही क्षार उरत नाही. पेटीतील जे पाणी रोज वाफ होऊन उडते त्याच्या जागी ही निवळी, दवाखान्यात सलाइन देतात तशा नळीने, थेंबथेंब सोडतात.

आपल्या उदाहरणातील पेटीतून रोज दीड लिटर पाणी उडत असेल, तर तेवढ्या पूर्ण तीव्रतेच्या निवळीने लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम कॅल्शियम चढेल. आपला खर्च साडेतीनच आहे. म्हणून निम्म्याहूनही कमी तीव्रतेची निवळी पुरे. येथे हैदराबादकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते, पावसाळ्यात हवा दमट झाली की तेच प्रमाण घटते. निवळीचे माप बाष्पीभवनावर सोडून दिले, तर प्रवाळास उन्हाळ्यात अतिरेक व पावसाळ्यात उपास घडेल. ऋतू पालटताच तीव्रता पालटली पाहिजे.

निवळी अतिशय दाहक असते. तिचा पी. एच. १२ च्या वर जातो. एकदम ओतली तर मासे मरतात. डोळ्यांत जाऊ देऊ नये व लहान मुलांनी ती एकट्याने हाताळू नये. चुना प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्यावा. पानाचा किंवा रंगसफेतीचा चुना पेटीसाठी नव्हे, कारण त्यात काय मिसळले आहे याची खात्री नसते.

३. दोन द्रावणे. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. दुकानांतील बहुतेक जोडबाटल्यांचे मर्म एवढेच आहे. शंभर लिटर पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वाढविण्यास, स्फटिकजलयुक्त कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) सुमारे साडेसात ग्रॅम लागते. त्याची जोडी असलेली २.८ अंश अल्कता वाढविण्यास खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम लागतो. हे दोन आकडे ज्याने वहीत टिपून ठेवले त्याला कोणत्याही बाटलीवरील किंमत वाजवी आहे की नाही हे स्वतः ठरविता येईल.

ही दोन द्रावणे एकत्र कधीही मिसळू नयेत. मिसळताच पांढरा साका बसतो व दोन्ही वाया जातात. एक घातल्यावर काही वेळ जाऊ द्यावा, आणि दुसरे वाहत्या पाण्यात निराळ्या जागी घालावे. अल्कता एका दिवसात एका अंशाहून अधिक वाढवू नये. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी बरेच तापते, म्हणून ते नेहमी पाण्यात थोडे थोडे घालावे. या पद्धतीत मागे साधे मीठ उरते व खारेपणा हळूहळू चढतो. अधूनमधून पाणी बदलल्याने तो आवरता येतो. मध्यम वस्तीच्या पेटीस हा मार्ग सर्वांत सोयीचा होय.

४. कॅल्शियम रिॲक्टर. मोठ्या व दाट वसलेल्या पेटीसाठी हे यंत्र. बंद नळकांड्यात मृत प्रवाळाचे वा चुनखडीचे खडे भरून त्यांतून पेटीचे पाणी फिरवितात व त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाणी किंचित आम्लधर्मी होऊन खडे विरघळतात, आणि कॅल्शियम व कार्बोनेट जोडीनेच पेटीत परत येतात. खर्च व देखभाल दोन्ही अधिक असल्याने घरगुती लहान पेटीस त्याची गरज नाही.

काय घेऊ नये?

माणसासाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या पेटीत टाकू नयेत. त्यांत पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेटच असते, आणि समुद्राचे वरचे पाणी त्याने आधीच संपृक्त असल्यामुळे ते विरघळत नाही. शिंपल्यांची पूड, प्रवाळाची वाळू व चुनखडीचे पीठ यांची गोष्ट तीच. फळ्यावरचा खडू तर पुष्कळदा जिप्समचा असतो. कॅल्शियम ग्लुकोनेटसारखे सेंद्रिय क्षार विरघळतात खरे, परंतु त्यांतील कार्बन जिवाणूंचे खाद्य होतो. अधिक मात्रेने पाणी गढूळ होऊन त्यातील प्राणवायू घटतो. ज्या बाटलीवर घटकपदार्थ व त्यांचे प्रमाण छापलेले नाही ती कितीही सुंदर दिसो, घेऊ नये.

प्रवाळ कोठून आला?

कॅल्शियम निवडण्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व पाषाणप्रवाळांचा समावेश झाला. वाघास जे संरक्षण आहे ते आपल्या समुद्रातील या प्रवाळांस आहे. ते तोडणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा होय. परदेशांतून येणाऱ्या पाषाणप्रवाळांसही आंतरराष्ट्रीय कराराखालील परवाने लागतात. तेव्हा विक्रेत्याजवळ रीतसर कागद नसतील तर प्रवाळ न घेताच परत यावे. कृत्रिम खडक, मासे व गुलाबी शैवाल यांचीही पेटी मनोवेधक होते.

हे निर्बंध अनाठायी नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास 'आंग्रिया बँक' म्हणतात, आणि त्याच्या माथ्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. ही मराठी मुलखाची समुद्रातील संपत्ती आहे.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

शिक्षकांच्या देखरेखीखाली एका चंचुपात्रात थोडी स्वच्छ निवळी घ्या व काचनळीने तीत हळूहळू फुंका. (फुंकावयाचेच, ओढावयाचे नाही.) निवळी दुधासारखी पांढरी होईल. श्वासातील कार्बन डायऑक्साइडने चुन्याची चुनखडी झाली. आता थांबू नका, फुंकत राहा. बऱ्याच वेळाने तो पांढरेपणा पुन्हा निवळू लागेल. तोच वायू अधिक झाला की केलेली चुनखडी विरघळवू लागतो. पहिल्या टप्प्यात चारमिनारची भिंत दिसली, दुसऱ्यात कॅल्शियम रिॲक्टर दिसला.

आणि या दुसऱ्या टप्प्यात आजच्या समुद्राचे एक संकटही दिसते. कोळसा व तेल जाळून आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग समुद्र शोषून घेत आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पी. एच. सुमारे ८.२ होता, तो आता सुमारे ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण पी. एच.ची मोजपट्टीच अशी आहे की एवढ्या उतारात आम्लता सुमारे एक चतुर्थांशाने वाढते. समुद्रातील कॅल्शियम यामुळे कमी झालेले नाही. कमी होत आहे ते प्रवाळास लागणारे कार्बोनेट. पेटीत जो तुटवडा आपण तीन दिवसांत मोजतो तोच समुद्रात पिढ्यांच्या कालावधीत पडत आहे.

पेटीतला तुटवडा चमचाभर सोड्याने भरून निघतो. मालवणच्या समुद्रात सोडा ओतता येत नाही. तेथील उपाय आपल्या चुली, गाड्या व कारखाने यांच्याशी निगडित आहे. ज्या विद्यार्थ्याने आपल्या पेटीची अल्कता महिनाभर वहीत टिपून ठेवली, त्यास हा समुद्राचा हिशेब वाचण्यास दुसऱ्या कोणाची मदत लागणार नाही.